लेन्स आणि फिल्मची चाचणी: नव्याने शिकणाऱ्यांसाठी

फिल्मवर काम शिकायला येणारी मुलं आल्या आल्या एकच आकडा मागतात: मिलिमीटरला किती रेषा सुट्या दिसतात? मी त्यांना आधी कोडॅकच्या टी-मॅक्स 100 या कृष्णधवल फिल्मचं माहितीपत्रक वाचायला लावतो. तिथे आकडे दोन आहेत. 1000:1 कॉन्ट्रास्टच्या, म्हणजे उजळ भाग काळ्याच्या हजारपट उजळ असलेल्या चार्टवर 200, आणि 1.6:1 च्या चार्टवर फक्त 63. फिल्म तीच. सुती कापडाचा पोत, चेहऱ्यावरच्या सुरकुत्या यांचा कॉन्ट्रास्ट कमीच असतो, म्हणून माझा भरवसा 63 वर.

स्वतः मोजायचं तर 1951 चा यूएसएएफ (अमेरिकी हवाई दलाचा) चार्ट घ्या. त्यात तीन-तीन पट्ट्यांचे संच गटागटाने बारीक होत जातात. सहा संच ओलांडले की बारकावा दुप्पट. 50 मिमी लेन्सपासून चार्ट अडीच मीटरवर लावला, की निगेटिव्हवर तो साधारण पन्नासपट लहान उतरतो. शून्य गटातला पहिला संच चार्टवर मिलिमीटरला एक रेषाजोडी (एक काळी, एक पांढरी पट्टी; वर ‘रेषा’ म्हटलं तीही हीच), म्हणजे फिल्मवर 50. चौथ्या संचाच्या पट्ट्या सुट्या दिसल्या तर 70, पुढच्या गटाचा पहिला दिसला तर 100. प्रमाण मात्र टेपवरून धरू नका, निगेटिव्हवरची चार्टची रुंदी मोजूनच काढा.

जड ट्रायपॉड, केबल रिलीज (हात न लावता शटर दाबायची तार), कॅमेऱ्यातला आरसा आधीच वर, हे ओघानं आलंच. खरा वेळ फोकसला द्या. प्रत्येक अ‍ॅपर्चरला फोकस किंचित पुढे-मागे सरकवत फ्रेम काढा. लेन्सच्या माथी मारलेला मऊपणा पुष्कळदा फोकसचा असतो. निगेटिव्ह तपासायला दहापटीचा लूप (डोळ्याला लावायचं भिंग) अपुरा पडतो, चाळीसपट दाखवणारा मायक्रोस्कोप घ्या. आणि एफ/16 ला आकडा पडला तर लेन्सवर राग काढू नका: हिरव्या प्रकाशात तिथे विवर्तन (बारीक छिद्रातून जाताना प्रकाशाचं पसरणं) सुमारे 114 रेषाजोड्यांच्या पुढे कुठल्याच लेन्सला जाऊ देत नाही.

शार्पनेस या रेषांच्या आकड्यात सापडत नाही, त्यासाठी एमटीएफचा (मॉड्युलेशन ट्रान्सफर फंक्शनचा) आलेख वाचायला शिका. मोठ्या रेषांपासून बारीक रेषांपर्यंत कॉन्ट्रास्ट किती टिकला, हे तो दाखवतो. लेन्स आणि फिल्म यांच्या टक्क्यांचा गुणाकार होतो. समजा 40 रेषाजोड्यांना लेन्स 60 टक्के आणि फिल्म 70 टक्के देत असेल, तर निगेटिव्हवर उरतात 42. पस्तीस मिमीच्या निगेटिव्हवरून 8×10 इंची प्रिंट हातात धरून पाहिली, की डोळ्याची मजल फिल्मवरच्या याच चाळीस-पन्नासच्या आसपास संपते. लेन्स निवडताना मी आधी आलेखातली 40 रेषाजोड्यांची रेघ पाहतो, तीही फ्रेमच्या मधली नव्हे, कोपऱ्याकडची.