कॉलेजच्या पार्किंगमध्ये या चुका टाळा (आणि अडकलातच तर काय करायचं)

छोट्या कॅम्पसमध्ये सगळं हाकेच्या अंतरावर असतं आणि पार्किंगचा घोळ नेमका त्यामुळेच होतो. अगदी मागच्या कोपऱ्यातून वर्गापर्यंत फार तर ३०० मीटर, पण तेवढंही चालायचं जिवावर येतं म्हणून जो तो मेन बिल्डिंगच्या दारासमोर घिरट्या घालत बसतो. मीपण घातल्यात, चांगली दोन वर्षं. एकदा वैतागून मोबाईलवर टायमर लावला तर ११ मिनिटं गोल गोल फिरलो, आणि शेवटी गाडी कुठे लावली तर गेटातून आत शिरताना रिकामी दिसली होती त्याच मागच्या जागेत. तिथून वर्गात पोचायला लागली ४ मिनिटं. तेव्हापासून सरळ मागेच जातो, पुढे बघतसुद्धा नाही.

जागा नसतेच असं नाही, सगळे एकाच १० मिनिटांत येतात ही खरी अडचण आहे. डोनाल्ड शूप नावाचे अमेरिकेतले प्राध्यापक होते, पार्किंग याच विषयावर आयुष्य घालवलेले, ते म्हणायचे की साधारण ८५ टक्के जागा भरलेल्या असाव्यात, म्हणजे दर ७ जागांमागे एखादी मोकळी राहते आणि कोणाला फिरत बसावं लागत नाही. ते बोलायचे रस्त्याकडेच्या पार्किंगबद्दल, पण आपल्याकडेही तेच होतं, ४० गाड्यांच्या जागेत ३४ च्या पुढे गाड्या लागल्या की उरलेली एखादी जागा शोधण्यातच माणसाचा वेळ जातो. त्यामुळे लेक्चरच्या ५ मिनिटं आधी येऊन नशीब आजमावण्यापेक्षा आधीचा तास सुटतो तेव्हा या, निघणाऱ्यांच्या जागा तेव्हा मिळतात.

दुसरी चूक स्टिकरची. स्टिकर म्हणजे जागा बुक झाली असं नाही हो, आत यायची परवानगी मिळाली इतकंच. आणि तो बॅगेत ठेवून काय उपयोग, काचेवर किंवा गाडीवर दिसायला पाहिजे. सगळ्यात जास्त लोक अडकतात ते एक दिवस दुसरी गाडी आणल्यावर, म्हणजे आपली गॅरेजमध्ये, म्हणून बाबांची किंवा ताईची घेऊन आलो आणि संध्याकाळी बघतो तर चाकाला जॅमर. लावण्याआधी गेटवर नंबर सांगून त्या दिवसापुरता पास मागा, दोन मिनिटांचं काम आहे. विसरलातच आणि दंड झाला तर वॉचमनकाकांशी वाद घालू नका, पावती त्यांनी फाडली तरी नियम त्यांनी केलेला नसतो. स्टिकरच्या पावतीचा फोटो, गाडी जिथे होती तिथला फोटो आणि चार ओळींचा अर्ज, बस. पानभर रडगाणं लिहिलं तर कोणी वाचत नाही, हे अनुभवाने सांगतोय.

आता बाइकवाल्यांसाठी, कारण सगळ्यात जास्त नुकसान मी तिथेच पाहिलंय. साइड स्टँड मातीत किंवा उन्हाने मऊ पडलेल्या डांबरात हळूहळू रुततो, लावताना सगळं ठीक वाटतं आणि दुपारी बघावं तर एक बाइक आडवी, तिच्या धक्क्याने शेजारची, मग तिच्या शेजारची, अख्खी रांग झोपलेली. आमच्याकडे एकदा अशा ७ पडल्या होत्या आणि पहिली कोणाची यावर अर्धा तास भांडण चाललं, पहिलीचा मालक त्याच गर्दीत उभा राहून दुसऱ्यांना गाड्या उचलायला मदत करत होता, अगदी निरागस चेहऱ्याने. तर स्टँडखाली चपटा दगड किंवा पत्र्याचा तुकडा ठेवा, मेन स्टँड असेल तर तोच लावा. उतारावर बाइकचं तोंड चढाकडे ठेवायचं आणि फर्स्ट गिअर टाकायचा, नाहीतर ती पुढे सरकते आणि स्टँड आपोआप मिटतो. गिअर नसलेली स्कूटर असेल तर सपाट जागाच बघा.

आणि दुसऱ्याच्या मागे गाडी लावून वर हँडल लॉक करून जाणाऱ्यांबद्दल काय बोलावं. काही जण यावर उपाय म्हणून लॉकच करत नाहीत, तेही चूक, गाडी गेली मग? मुळात अडवूच नका ना. अगदीच इलाज नसेल तर फोन नंबरची चिठ्ठी टाकीवर चिकटवा आणि लेक्चरमध्ये फोन निदान व्हायब्रेटवर तरी ठेवा.

कारवाल्यांनी जमेल तिथे रिव्हर्समध्ये लावायची सवय करा. वळतात ती पुढची चाकं, त्यामुळे मागून शिरताना अरुंद जागेतही गाडी नीट बसते, आणि निघताना कॉलेज सुटलेलं असतं, मोबाईलमध्ये डोकं घालून चालणारी पोरं समोर दिसतात. तिरक्या आखलेल्या जागा असतील तर मात्र हे करू नका, तिथे सरळच शिरायचं. रॅम्पसमोर आणि फायर ब्रिगेडच्या वाटेवर '२ मिनिटं'सुद्धा नाही, त्या २ मिनिटांचा तास कसा होतो ते सगळ्यांना माहितीये.

संध्याकाळी गाडी चालूच होत नसेल तर आधी बघा, लाइट चालू राहिला होता का. १२ व्होल्टची बॅटरी पूर्ण भरलेली असताना साधारण १२.६ दाखवते, १२ च्या खाली गेली की समजा ती बसली. गिअरची गाडी सेकंडमध्ये टाकून, इग्निशन ऑन ठेवून ढकलून चालू होऊ शकते, ऑटोमॅटिकला तो प्रयत्न नको. जंपर केबल लावताना आधी लाल, बसलेल्या बॅटरीच्या प्लसला आणि मग चांगल्या बॅटरीच्या प्लसला. नंतर काळी, चांगलीच्या मायनसला, आणि तिचं दुसरं टोक बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. ते शेवटचं टोक जोडताना ठिणगी उडू शकते आणि बॅटरीतून पेट घेणारा गॅस येतो, म्हणून हा क्रम.

ओरखडा दिसला तर गाडी हलवू नका, आधी फोटो काढा, शेजारच्या गाडीचा नंबर येईल असा. मग त्याच दिवशी ऑफिसात जाऊन कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग जपून ठेवायला लेखी सांगा, कारण डिस्क भरली की जुनं पुसून त्यावर नवीन चढतं. मी 'सोमवारी बघू' म्हणालो होतो, सोमवारी गेलो तर तिथे फक्त रविवारचं रिकामं पार्किंग दिसत होतं, मधोमध एक कुत्रं झोपलेलं.