जुनं गिऱ्हाईक चष्मा फुकट बदलून मागतं तेव्हा

१० वर्षांपासून येणारं गिऱ्हाईक २ वर्षं वापरलेला चष्मा काउंटरवर ठेवून म्हणतं, “काच खराब निघाली, बदलून द्या.” लगेच हो-नाही करू नका.

१. काच पुसून, दिव्याखाली तिरकी धरून त्यांनाच दाखवा. बारीक चरे बहुधा कोरड्या कापडाने पुसल्याचे. जाळीसारख्या भेगा बऱ्याचदा उन्हात तापलेल्या गाडीत चष्मा राहिल्याच्या. कोटिंगचे (काचेवरच्या पातळ थराचे) पापुद्रे सुटत असतील तर मात्र दोष मालाचा असू शकतो, वॉरंटीची मुदत पाहून कंपनीकडे पाठवा. डोळ्यांनी दिसलं की आवाज आपोआप खाली येतो.

२. जुनं बिल काढून वॉरंटीची तारीख दाखवा.

३. मग देता येईल तेवढंच सांगा: नोजपॅड, स्क्रू फुकट, नव्या काचेवर सवलत.

सवलत बिलावर ‘यावेळेपुरती’ असं लिहून द्या, नाहीतर पुढच्या खेपेला ती हक्काने मागितली जाते.