इन्व्हर्टरच्या दोन बॅटऱ्या पॅरललमध्ये जोडताना

१२ व्होल्टच्या इन्व्हर्टरला १५० एएचच्या (अँपिअर-तास, म्हणजे साठवणक्षमता) दोन ट्युब्युलर (लेड-ॲसिड प्रकारच्या) बॅटऱ्या पॅरललमध्ये जोडल्या की व्होल्टेज १२च राहतं, क्षमता ३०० एएच होते. प्लसला प्लस, मायनसला मायनस हे सगळ्यांना ठाऊक असतं. घोटाळा होतो तो बहुधा त्याआधीच.

दोन्ही बॅटऱ्या एकाच मॉडेलच्या, एकाच वयाच्या घ्या. जुनीला नवी जोडली तर जुनी चार्ज धरत नाही आणि नवी रात्रंदिवस तिलाच भरत बसते. लिथियम आणि लेड-ॲसिडची जोडी तर नकोच.

आधी दोन्ही वेगवेगळ्या पूर्ण चार्ज करा, चार-पाच तास मोकळ्या ठेवा, मग मल्टिमीटर लावा. १२.५ ते १२.७ व्होल्ट दिसावेत, आणि दोघींत ०.१ पेक्षा जास्त फरक नसावा. अर्धा व्होल्ट किरकोळ वाटतो. पण वाटेतला एकूण रोध १० मिलिओहम धरला तरी जोडताक्षणी ५० अँपिअर धावतात.

९०० व्हीएच्या इन्व्हर्टरला २५ चौरस मिमीची तांब्याची केबल पुरते. लग (केबलच्या टोकाची धातूची टोपी) क्रिंप केलेले, म्हणजे दाबून घट्ट बसवलेले; दोन्ही लिंक (दोन बॅटऱ्यांना जोडणाऱ्या केबल) सारख्या लांबीच्या. इन्व्हर्टरची प्लस वायर पहिल्या बॅटरीवर, मायनस दुसऱ्या बॅटरीवर. दोन्ही वायरी एकीवरच लावल्या, तर तीच जास्त राबते आणि आधी जाते. प्रत्येक बॅटरीच्या प्लसला, टर्मिनलला लागूनच, १०० अँपिअरचा डीसी फ्यूज हवा. एकीचा सेल शॉर्ट झाला की दुसरी तिच्यात करंट ओतते, आणि इन्व्हर्टरचा फ्यूज त्या वाटेवर नसतोच.

आता जोडणी. इन्व्हर्टर बंद, प्लग काढलेला. चार्जिंगमध्ये हायड्रोजन सुटतो, म्हणून खिडकी उघडी. अंगठी-घड्याळ काढा, डोळ्यांवर गॉगल, पान्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप. आधी प्लसची लिंक दोन्हीकडे घट्ट करा. मायनसची लिंक लावण्याआधी दोन मायनस टर्मिनलांमध्ये मीटर धरा: शून्याजवळ आलं तर ठीक, २५ व्होल्टच्या आसपास आलं तर एक बॅटरी उलटी आहे, तिथेच थांबा. ही अर्ध्या मिनिटाची तपासणी कुणी करत नाही, आणि हीच सगळ्यात मोलाची. इन्व्हर्टरची मायनस वायर सगळ्यात शेवटी. तेव्हा उडणारी बारीक ठिणगी त्यातल्या कपॅसिटरमुळे असते. मग टर्मिनलांना व्हॅसलिन.

पंखे-दिवे चालू करून प्रत्येक बॅटरीच्या वायरीला क्लॅम्प मीटर (वायरीभोवती लावून करंट मोजणारा, डीसीचा) लावा. ४० अँपिअरला दोघींनी २०-२० द्यावेत. २५-१५ दिसलं तर ढिला किंवा गंजलेला लग शोधा.

इन्व्हर्टरमधला चार्जर मात्र तोच राहतो. १५ अँपिअरने ३०० एएच भरायला वीस तासांहून जास्त लागतात. वीज रोज सहा-सात तास जात असेल, तर ३० अँपिअरचा चार्जर आधी घ्या, दुसरी बॅटरी नंतर.