गोधडीची कड कशी बंद करावी: गोट, कोपरे आणि शेवटची जोड

देवगडच्या बाजूला माझ्या ओळखीत ज्या बायका हौसेने गोधड्या शिवतात, त्यांतल्या बहुतेकींच्या ट्रंकेत एक तरी अर्धी गोधडी असते. तुकडे जोडलेले, थर रचलेले, धावदोरे घालून झालेले आणि चारही कडा उघड्या. विचारलं की उत्तर ठरलेलं, "कड तेवढी राहिली." ही "तेवढी" म्हणायची सवयच सगळं बिघडवते. कड हे उरलेल्या वेळात उरकायचं काम नव्हे. अख्ख्या गोधडीत सगळ्यात जास्त हात बसावा लागतो तो इथेच. मी गेली पंधरा-सोळा वर्षं गोधड्या शिवते आहे, आणि पहिली चार वर्षं मला नीट कोपरा जमलेला नाही. म्हणून हा लेख कडेबद्दलच आहे.

कापड आधी धुतलेलं आहे, तुकडे जोडून इस्त्री झाली आहे, वरचा थर, मधली साडी आणि खालचं अस्तर असे थर कच्च्या टाक्यांनी धरले आहेत आणि मधून बाहेर असे धावदोरे पूर्ण झाले आहेत, असं मी धरून चालते. टाचण्यांबद्दल एवढंच सांगते की थर धरायला लोखंडी टाचण्या लावून गोधडी रात्रभर ठेवू नका. आपल्याकडची खारी, दमट हवा एका रात्रीत कापडावर गंजाचा तांबडा ठिपका उठवते आणि तो जात नाही. कच्चा धावदोरा घालायला वेळ लागतो, पण तो डाग पाडत नाही.

जुन्या बायका गोट, म्हणजे कडेवरून दुमडून शिवायची कापडी पट्टी, लावत नसत, मग आपण का लावायचा, असं पुष्कळजणी विचारतात. त्या काठ आधीच आत दुमडून घ्यायच्या आणि एका कोपऱ्यापासून चौकोनात फिरत फिरत आत मध्यापर्यंत जायच्या. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी, म्हणजे मूळ आफ्रिकन वंशाच्या समाजातल्या बायकाही कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, अशीच कडेकडून आत शिवत जातात. तिच्या चार कोपऱ्यांवर त्या घडी घातलेल्या कापडाची फुलं लावतात, आणि फुलं नसलेली कवंदी त्यांना उघडी वाटते. ही पद्धत फार सुंदर आहे. पण तिला जमिनीवर बसून थर सारखा सपाट ठेवत जाणारा सरावाचा हात लागतो. छोट्या तुकड्यांचं वरचं कापड असेल आणि शिवणारी एकटी असेल, तर कडेकडून आत येताना सगळा झोळ मध्यात गोळा होतो. माझ्या पहिल्या गोधडीच्या मध्यात हात बसेल एवढा फुगा आला होता. म्हणून मी मधून बाहेर शिवते आणि कड शेवटी गोटाने बंद करते.

गोट लावण्याआधी गोधडी काटकोनात कापून घ्या. धावदोऱ्यांनी कापड इकडेतिकडे आवळलेलं असतं, त्यामुळे कापताना सरळ असलेली बाजू आता सरळ राहिलेली नसते. लादीची जमीन असेल तर लाद्यांच्या रेषेवर गोधडी पसरा, कोपऱ्याला सुताराचा गुण्या लावा आणि दोन्ही कर्ण टेपने मोजा. कर्ण सारखे आले की काटकोन बरोबर आहे. मग खडूने रेघ मारून कापा, आणि कापल्या कापल्या कडेपासून एका सुतावर (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) चारही बाजूंनी एक धावदोरा घालून टाका. हा दोरा गोटाखाली झाकला जातो, पण तो नसेल तर गोट लावताना थर एकमेकांवरून सरकतात.

आता पट्टी. सगळीकडे अडीच इंच सांगतात. तीन पातळ थर असतील तर ते ठीक आहे. पण आपण मध्ये दोन दोन साड्या घालतो, कधी जुनी चादरही घालतो. अशा जाड गोधडीला तीन इंच रुंद पट्टी लागते, आणि टाकेही कडेपासून दोन सुतांऐवजी तीन सुतांवर घालावे लागतात. पुस्तकी मापावर विश्वास ठेवण्यापेक्षा आधी वीतभर पट्टी कापा, लांबीत दुमडून दुहेरी करा आणि कडेवर गुंडाळून बघा. मागच्या बाजूला ती टाक्यांची रेघ ओलांडून थोडी पुढे आली पाहिजे. नेमकी रेघेवर संपत असेल तर रुंदी वाढवा.

पट्टी उरेब, म्हणजे कापडाच्या धाग्यांना तिरकी, कापायची, असं शिवणक्लासमध्ये सांगतात. बाळाच्या दुपट्याचे कोपरे गोल असतील तर तिथे उरेबच हवी, कारण तिला वळायचं असतं. सरळ कडेच्या गोधडीला मात्र उरेब पट्टी लावू नका. ती ताणली जाते, आणि ताणलेला गोट पहिल्याच धुण्यात कड चुणवतो. जुनी सुती साडी काठाला समांतर, लांबीत कापा. ६० बाय ९० इंचांच्या गोधडीचा घेर ३०० इंच होतो, कोपरे आणि जोड यांसाठी वर १५ इंच धरा. साडेपाच मीटरच्या साडीतून साधारण २१५ इंचांची एक पट्टी निघते. म्हणजे दोन पट्ट्यांत काम होतं आणि मध्ये एकच जोड येते. ती जोड तिरकी घाला, म्हणजे जाडी एका जागी साचत नाही. साडीचा निऱ्यांच्या खालचा भाग घासून विरलेला असतो. तो उजेडासमोर धरून बघा आणि वगळा.

जुन्या साडीची पट्टी मऊ लोळागोळा होते, आणि मऊ पट्टी हातात आपोआप ताणली जाते. यावर माझ्या थोरल्या काकीचा उपाय मी आजही करते. पेजेवरचं पातळ पाणी गाळून घ्यायचं, त्यात पट्टी बुडवून हलकी पिळायची, सावलीत वाळवायची आणि किंचित ओलसर असतानाच लांबीत दुमडून इस्त्री फिरवायची. पट्टी कागदासारखी उभी राहते. पाणी दाट घेऊ नका, नाहीतर सुई अडते. आणि हे काम भर पावसात काढू नका. पट्टी दोन दिवस वाळत नाही आणि तिला आंबूस वास येतो. एक लक्षात ठेवा, कांजी कापडात राहू द्यायची नाही. तिच्या वासाने कसर आणि झुरळं येतात, म्हणून शेवटी गोधडी धुवायचीच.

पट्टी लावायला कोपऱ्यापासून सुरुवात करू नका. एका बाजूच्या मध्यावर सुरुवात करा आणि पट्टीचं तोंड दहा इंच मोकळं सोडा. पट्टीच्या दोन्ही उघड्या कडा गोधडीच्या कडेला जुळवायच्या, दुमडलेली बाजू आत. हाताने शिवत असाल तर दर चार धावटाक्यांनंतर एक उलटी टीप घाला. मशीनवर करायचं असेल तर करा, पण मशीनचे दात खालचा थर ओढतात आणि वरची पट्टी मागे राहते. म्हणून दाब कमी करा आणि दर वीतभर अंतरावर थांबून पट्टी उचलून परत ठेवा.

पट्टी ताणायची नाही. माझ्या चौथ्या गोधडीला मी गोट घट्ट बसावा म्हणून प्रत्येक टाक्याला पट्टी जरा ओढून धरत होते. पूर्ण झाल्यावर खाटेवर टाकली तर चारही कडा वर उचललेल्या, मध्ये पाणी घालून ठेवावं अशी ताटलीसारखी गोधडी. काकीने एक बाजू हातात घेतली आणि म्हणाली, "ओढू नको गो, सोड तेका." पूर्ण गोट उसवला. आठ दिवस गेले. तेव्हापासून पट्टी गोधडीवर नुसती ठेवायची, अंगठ्याने दाबायची आणि टाका घालायचा. गोधडीची कडही हाताने ओढायची नाही. ती ओढली तर उलटा प्रकार होतो, कडेला झालर येते.

आता कोपरा. इथे दिला जाणारा सगळ्यात वाईट सल्ला म्हणजे, कड संपेपर्यंत शिवा आणि जादा कापड कापून टाका. मी तेच करत होते. भाचीच्या दुपट्याचा कोपरा असाच कापला, बाहेरून छान टोकदार दिसला. दोन धुण्यांनंतर कापलेल्या जागचे धागे सुटले, भोक पडलं आणि त्यात तिच्या पायाचं बोट अडकलं. कोपऱ्यातलं कापड कधीही कापू नका. ते घडीत बसवायचं असतं.

पुढची बाजू जिथे लागते, तिच्यापासून तुमचे टाके कडेपासून जेवढ्या अंतरावर आहेत तेवढ्याच अंतरावर थांबा. दोन सुतांवर शिवत असाल तर दोन सूत आधी, तीनवर असाल तर तीन सूत आधी. डोळ्याने अंदाज करू नका, तिथे आधीच पेन्सिलने ठिपका द्या. ठिपक्यावर दोन उलट्या टिपा घालून दोरा पक्का करा. आता गोधडी फिरवून पुढची बाजू समोर घ्या. पट्टी गोधडीपासून दूर, सरळ मागे वळवा. तिची उघडी कड नव्या बाजूच्या कडेशी एका रेषेत आली पाहिजे. कोपऱ्यात आपोआप एक तिरपी घडी पडते, ती नखाने दाबा. मग तीच पट्टी स्वतःवरून खाली आणा. वरची घडी नुकत्याच संपवलेल्या कडेशी अगदी बरोबर, ना आत ना बाहेर. उघड्या कडा नव्या बाजूशी जुळलेल्या. सुई त्याच ठिपक्यावर, तिरप्या घडीच्या खालून वर काढा आणि पुढे चला. कोपऱ्यात एक मोकळं त्रिकोणी पान उभं राहतं. ते टाक्यात सापडता कामा नये. सापडलं, तर पट्टी मागे वळवताना कोपरा उघडत नाही आणि गोल, गाठाळ राहतो.

बिघडला तर मध्येच नीट करायला जाऊ नका. तो कोपरा दोन्ही बाजूंनी चार चार बोटं उसवा आणि पुन्हा ठिपक्यापासून घ्या. पहिल्यांदाच करणार असाल तर जुन्या चादरीचे वीतभर चौकोनी थर घ्या आणि त्याचे चारही कोपरे करून बघा. एका दुपारचं काम आहे. तिसऱ्या-चौथ्या कोपऱ्याला हाताला कळतं.

शेवटची जोड. चारही कोपरे होऊन सुरुवातीच्या जागेपाशी दहा इंच उरले की थांबा. पट्टीची दोन्ही मोकळी तोंडं गोधडीवर सपाट पसरून एकमेकांवर ठेवा. ती एकमेकांवर किती यावीत? पट्टी उलगडल्यावर तिची जेवढी रुंदी, तेवढीच. अडीच इंची पट्टी असेल तर अडीच इंच. यासाठी टेप नको, पट्टीचाच एक उरलेला तुकडा उलगडून आडवा ठेवा आणि त्याच्या रुंदीवर खूण करून जादा कापा. मग दोन्ही टोकं उलगडून, सुलट बाजू आत घेऊन, काटकोनात एकमेकांवर ठेवा आणि तिरपी टीप घाला. टिपेबाहेरचं जादा कापड कापण्याआधी पट्टी गोधडीवर बसवून बघा. ती पिळलेली निघाली तर उसवता येते, कापून टाकल्यावर काहीच करता येत नाही. बरोबर असेल तर दोन सूत ठेवून कापा, जोड नखाने उघडा आणि उरलेली बाजू शिवा.

मग पट्टी मागे वळवून साडीला फॉल लावताना घालतो तसा टाका घाला. टाका अस्तर आणि आतला थर यांतच राहिला पाहिजे, पुढे दिसता कामा नये. कोपऱ्यात आधी एक बाजू पूर्ण खाली बसवा, मग दुसरी. पुढच्या बाजूची घडी ज्या दिशेला पडली आहे, त्याच्या उलट दिशेला मागची घडी पाडा, म्हणजे जाडी वाटली जाते. कोपऱ्याची तिरपी फट पुढून आणि मागून तीन-चार टाक्यांनी बंद करा. वाचवलेले दहा टाके पुढे उसवलेल्या कडेच्या रूपाने परत येतात, म्हणून टाक्यांतलं अंतर करंगळीच्या नखाएवढंच ठेवा.

कडेला पिको किंवा इंटरलॉक करून घ्या, असं बाजारात हमखास सांगतात. एकदा वेळ नव्हता म्हणून मी तशी दिली. मशीनने कडेचं कापड खाल्लं, कोपरे गोल झाले आणि दोन पावसाळ्यांत दोरा सुटला. गोधडीची जाडी त्या मशीनसाठी नसतेच.

मागच्या कोपऱ्यात नाव आणि साल दोऱ्याने लिहा, गोट लागल्यावर लगेच. नंतर राहून जातं.

धुणं दसरा झाल्यावर, कडक उन्हात. जून ते सप्टेंबरात ओली झालेली जाड गोधडी आतून वाळत नाही, वरून कोरडी वाटते आणि आठ दिवसांत कुबट वास सुटतो. कोमट पाण्यात भिजवा, कांजी निघेपर्यंत दोन पाणी काढा, पिळू नका, दाबून पाणी काढा. एका दोरीवर टाकली तर ओल्या वजनाने नवा गोट ओढला जातो, म्हणून हातभर अंतराच्या दोन दांड्यांवर पसरा. चिऱ्याच्या गडग्यावर, म्हणजे कुंपणाच्या तांबड्या दगडी भिंतीवर, टाकू नका, तांबडा डाग लागतो. खळ्यात, म्हणजे अंगणात, चटई घालून त्यावर टाकलेली चालते. दुपारी उलटा, आणि दुसऱ्या दिवशीही ऊन द्या. ट्रंकेत ठेवताना वेखंडाचे दोन तुकडे कापडात बांधून घाला, आणि घडी दर वेळी वेगळ्या जागी मोडा, नाहीतर गोट घडीवरच विरतो.