पद्मिनीचं मडगार्ड घरीच रंगवताना

प्रीमियर पद्मिनीच्या पुढच्या मडगार्डचा खालचा काठ आतून गंजतो, कारण चाकाने उडवलेला चिखल तिथेच अडकून राहतो. बाहेरून नुसता फुगा दिसतो. ८० नंबरच्या पॉलिश पेपरने पत्रा चमकेपर्यंत घासलं की खरं भोक कळतं. भोक असेल तर आधी वेल्डिंग. नुसती लांबी (खड्डे भरायची पुट्टी) भरली तर मागून पाणी शिरून ती पापुद्र्यासारखी सुटते.

लांबीत हार्डनर (ती घट्ट करणारं रसायन) साधारण २ टक्के. नागपूरच्या मे महिन्यात त्याहून कमीच, नाहीतर पत्र्यावर जाण्याआधीच ती पात्यावर दगड होते. मग प्रायमर, आणि ६०० चा वॉटर पेपर.

एका मडगार्डला अर्धा लिटर एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग आणि तेवढंच थिनर पुरतं. जुन्या इनॅमलवर एनसी मारू नका, सुरकुत्या पडतात. टू-के पीयूची (हार्डनर मिसळून मारायच्या पॉलीयुरेथेन रंगाची) चमक जास्त, पण त्याच्या हार्डनरमधलं आयसोसायनेट फुप्फुसांना घातक; घरच्या अंगणात ते नकोच.

फवारणी सकाळी सातच्या आत. दुपारी थिनर हवेतच उडतं आणि रंग रव्यासारखा खरखरीत बसतो. कूलर मात्र बंद ठेवा! दमट हवेने एनसीवर पांढुरकी झाक येते.