नोकरी गेल्यावर घरखर्चाची घडी कशी बसवावी

बुटीबोरी, हिंगणा किंवा मिहानमधल्या कंपनीतून नोकरी सुटली की नागपूरच्या बहुतेक घरांत पहिला निर्णय होतो तो पेपर बंद करण्याचा आणि दुधाची एक पिशवी कमी करण्याचा. हेतू चांगला असतो, पण पहिल्या आठवड्याचे खरे काम वेगळे आहे. हातातला पैसा किती महिने पुरेल, हे आधी कागदावर मांडावे. समजा, बचत खाते आणि मुदत ठेव मिळून १,८०,००० रुपये आहेत आणि महिन्याचा खर्च ४५,००० आहे, तर घर चार महिने चालेल. तोच खर्च ३०,००० वर आणता आला तर सहा महिने चालेल. हे वाढलेले दोन महिने फार मोलाचे असतात, कारण त्यांच्या बळावर माणूस अर्ध्या पगाराची पहिली नोकरी नाईलाजाने पत्करण्याऐवजी थोडा थांबू शकतो.

काटकसरीच्याही आधी येणे वसूल करावे. शेवटचा पगार, शिल्लक रजेचे पैसे आणि बोनस यांचा हिशेब कंपनीकडे ई-मेलने, म्हणजे लेखी मागावा. पाच वर्षांची सेवा झाली असेल तर ग्रॅच्युइटी मिळते आणि ती घरीच काढून पाहता येते: शेवटचे मूळ वेतन व महागाई भत्ता यांच्या बेरजेला २६ ने भागून १५ ने गुणावे आणि सेवेच्या वर्षांनी पुन्हा गुणावे. ही बेरीज २६,००० असेल आणि सेवा आठ वर्षांची असेल, तर रक्कम १,२०,००० रुपये होते. पगार २१,००० रुपयांच्या आत असल्यामुळे कर्मचारी राज्य विमा योजनेची कपात होत असेल, तर अटल विमित व्यक्ती कल्याण योजनेची चौकशी अवश्य करावी. तीत सरासरी दैनिक वेतनाच्या ५० टक्के रक्कम जास्तीत जास्त ९० दिवसांसाठी, आयुष्यात एकदाच मिळते. योजनेची मुदत वेळोवेळी वाढवली जाते, म्हणून राज्य विम्याच्या शाखा कार्यालयात जाऊन सध्याची स्थिती विचारून घ्यावी. नोकरी आर्थिक वर्षाच्या मध्येच सुटली असेल तर वर्षभराच्या अंदाजाने कापलेला टीडीएस, म्हणजे पगारातून आधीच वळता केलेला प्राप्तिकर, बहुधा जास्त झालेला असतो. उत्पन्न करपात्र मर्यादेखाली आले तरी विवरणपत्र भरावे, म्हणजे तो परत मिळतो.

भविष्य निर्वाह निधीला मात्र शेवटी हात लावावा, असे माझे ठाम मत आहे. सलग पाच वर्षांची सेवा पूर्ण होण्यापूर्वी काढलेली रक्कम साधारणतः करपात्र ठरते, आणि निवृत्तिवेतनासाठी दहा वर्षांची सेवा लागत असल्यामुळे निवृत्तिवेतनाचा हिस्सा काढून घेतला तर मागची वर्षे वाया जातात.

आता देण्यांचा क्रम. घराचे भाडे किंवा गृहकर्जाचा हप्ता, वीज, किराणा, औषधे, मुलांची फी आणि विम्याचा हप्ता या गोष्टी आधी येतात. बाकी सर्व त्यांच्या मागे. हप्ता चुकण्याची वाट न पाहता बँकेच्या शाखेत जाऊन कर्जाची मुदत वाढवून हप्ता कमी करता येईल का, हे विचारावे. ९० दिवस थकलेले कर्ज अनुत्पादित ठरते आणि त्यानंतर बोलणी अवघड होतात, पण आजवर हप्ते वेळेवर भरलेल्या माणसाचे बोलणे बँक सहसा ऐकून घेते. क्रेडिट कार्डाची फक्त किमान रक्कम भरत राहणे हा सर्वांत महाग मार्ग आहे: उरलेल्या रकमेवर महिन्याला तीन ते पावणेचार टक्क्यांपर्यंत व्याज लागते आणि नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. मुदत ठेवीवर वर्षाला पाच-सात टक्के मिळत असतील तर ती मोडून कार्ड फेडणेच शहाणपणाचे. जीवन विम्याचा हप्ता भरण्यासाठी मासिक पद्धतीत १५ आणि इतर पद्धतींत ३० दिवसांची सवलत असते, तिच्या आत तो भरून टाकावा.

स्वयंपाकघरात बचतीला बराच वाव आहे, पण उपासमार करून नव्हे. आपल्याकडे उन्हाळ्याच्या तोंडावर वर्षभराचा गहू, तांदूळ आणि तुरीची डाळ भरून ठेवण्याची पद्धत आहे. एरवी ती फायद्याची असते, परंतु उत्पन्न थांबलेले असताना वीस-पंचवीस हजार रुपये कोठीत अडकवू नयेत. दोन महिन्यांपुरतेच धान्य घ्यावे आणि रोकड हाताशी ठेवावी. इतवारीत किराणा ठोक भावाने मिळतो, मात्र तिथे जाताना यादी आणि रक्कम दोन्ही ठरवून जावे, नाहीतर स्वस्ताईच्या भरात अनावश्यक सामान घरी येते. भाजीसाठी कॉटन मार्केट किंवा कळमना गाठायचे तर एकट्याने जाण्यात अर्थ नाही. शेजारच्या दोन-तीन घरांनी मिळून पहाटे जावे, माल घाऊक घ्यावा आणि घरी येऊन वाटून घ्यावा, तरच पेट्रोलचा खर्च निघतो. ते जमणार नसेल तर जवळचा आठवडी बाजार बरा. रात्री आवरतेवेळी भाव उतरतात, पण पालेभाजी निवडून घ्यावी लागते. भाज्या महागल्या की झुणका, पातोडी, गोळाभात, सांडगे आणि जवसाची चटणी हे आपल्याच घरातले पदार्थ पोटभरीचेही होतात आणि कमी पैशांतही. डाळ तासभर भिजवून कुकरला लावली, तर गॅसही वाचतो.

विजेचा प्रश्न नागपुरात उन्हाळ्यात तीव्र होतो. पारा ४५ अंशांकडे जात असताना घरातल्या वृद्धांना आणि मुलांना नुसत्या पंख्याखाली बसवणे ही काटकसर नव्हे, तो धोका आहे. त्याऐवजी एसी बंद ठेवून कूलर चालवावा. दीड टनाचा एसी रात्रीच्या आठ तासांत सहज आठ-दहा युनिट घेतो, तर २०० वॅटचा कूलर तेवढ्याच वेळात दीड-पावणेदोन युनिटांत भागवतो. महावितरणच्या घरगुती दरांत पहिल्या १०० युनिटांचा दर सर्वांत कमी असतो, १०१ ते ३०० या टप्प्यात तो जवळपास दुप्पट होतो आणि पुढे आणखी चढतो. त्यामुळे महिन्याला वाचलेली दोनशे-सव्वादोनशे युनिटे महागड्या टप्प्यांतली असतात. कूलरच्या ताट्या सुरुवातीलाच बदलाव्यात, तो खिडकीबाहेर लावावा आणि समोरची खिडकी उघडी ठेवावी, कारण बंद खोलीत दमट हवा कोंडून गारवा नाहीसा होतो.

कंपनीचा आरोग्य विमा नोकरीबरोबर संपतो. राजीनाम्याच्या काळातच त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत स्थलांतरासाठी अर्ज केला, तर जुन्या आजारांसाठीचा, आधीच्या वर्षांत भरलेला प्रतीक्षा कालावधी वाया जात नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत शिधापत्रिकाधारक कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत उपचारांचे संरक्षण आहे, म्हणून शिधापत्रिकेतली नावे आणि आधार आजच जुळवून घ्यावीत. नेहमीच्या गोळ्या जनऔषधी केंद्रात खूपच स्वस्त पडतात. तपासणीसाठी मेडिकल, मेयो आणि एम्स ही नागपुरातली सरकारी रुग्णालये आहेतच.

सर्वांत अवघड भाग सणांचा आणि नातेवाइकांचा. भाद्रपदातल्या महालक्ष्म्यांना घरोघरी मोठा स्वयंपाक होतो आणि पाहुण्यांचा आकडा कमी करताना घरातल्या मोठ्यांना वाईट वाटते. त्यांच्याशी आधीच मोकळेपणाने बोलावे: नैवेद्य पूर्ण करू, बोलावणे मात्र घरच्यांपुरते ठेवू. लग्नातल्या आहेराची रक्कमही नवरा-बायकोने आधीच ठरवून ठेवावी. भिशी चालू असेल तर हप्ता थकवण्यापेक्षा सभासदांना खरे सांगून आपला नंबर अलीकडे मागावा. मुलांपासून नोकरी गेल्याचे लपवू नये. दहा-बारा वर्षांचे मूल स्कूल व्हॅनऐवजी सायकलने जायला स्वतःहून तयार होते, मात्र कारण त्याला कळलेले असावे लागते. फीबाबत मुख्याध्यापकांना लेखी अर्ज देऊन हप्ते मागावेत.

काही खर्च कापूच नयेत: मोबाइल, इंटरनेट, मुलाखतीसाठीचा प्रवास आणि इस्त्रीचे कपडे. नोकरीसाठी आधी पैसे मागणारा कोणीही असो, त्याला एक रुपयाही देऊ नये. ऑनलाइन फसवणूक झालीच तर लगेच १९३० या क्रमांकावर तक्रार करावी. नवी नोकरी मिळाली की तिथे जुनाच यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा क्रमांक, द्यावा आणि मागचे पीएफ खाते त्यात वर्ग करून घ्यावे, म्हणजे आधीची सेवा पुढे जोडली जाते.