नडगीच्या दुखण्यावर शस्त्रक्रिया : या चुका टाळा

तळजाईच्या चढावर सराव करणारे हौशी धावपटू असोत किंवा पोलीस भरतीच्या 1600 मीटरसाठी घाम गाळणारी मुले असोत, नडगी दुखू लागली की पुण्यातल्या मैदानांवर त्या साऱ्याला ‘शिन स्प्लिंट’ हे एकच नाव मिळते आणि खरी गफलत तिथेच होते.

खरे शिन स्प्लिंट, म्हणजे नडगीच्या आतल्या कडेवर वीतभर पसरलेली दुखण्याची पट्टी, बहुधा विश्रांतीने व सराव कमी केल्याने बरी होते. तिच्यासाठी शस्त्रक्रियेची गरज क्वचितच पडते. बोटाने नेमकी दाखवता येणारी दुखरी जागा मात्र स्ट्रेस फ्रॅक्चरची, म्हणजे वारंवारच्या ताणाने हाडाला पडलेल्या बारीक तड्याची, असू शकते. पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेत बहुधा काहीच दिसत नाही, त्यामुळे ‘एक्स-रे नॉर्मल आहे’ एवढ्यावर पुन्हा पळायला लागू नये. अशा वेळी एमआरआय उपयोगी पडतो.

ठरावीक अंतर पळल्यावर पाय दगडासारखा घट्ट होत असेल, पाऊल बधिर होत असेल आणि थांबल्यावर थोड्या वेळात आराम पडत असेल, तर पायाचे स्नायू ज्या घट्ट आवरणाच्या कप्प्यांत असतात, त्यांपैकी एखाद्यात दाब वाढत असल्याची शंका घ्यावी. यावर कप्प्याचे आवरण चिरून मोकळे करतात, म्हणजेच फॅशिओटॉमी करतात. मात्र दाब न मोजताच ती करणे ही माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक आहे. रूढ निकषांनुसार विश्रांतीत 15, व्यायामानंतर एका मिनिटाने 30 किंवा पाच मिनिटांनी 20 मिलिमीटर पारा वा त्याहून अधिक दाब भरला, तर निदानाला आधार मिळतो. पण तपासणीआधी दुखेपर्यंत पळालेच नसाल, तर व्यायामानंतरच्या आकड्यांना अर्थ उरत नाही. गुडघ्यामागची धमनी दाबली गेल्यासही जवळपास अशीच लक्षणे दिसतात आणि ती शक्यता तपासायची राहिली, तर शस्त्रक्रिया होऊनही दुखणे कायम राहते.

पुढच्या कप्प्याच्या शस्त्रक्रियेला मागच्या खोल कप्प्यापेक्षा चांगले यश येते, म्हणून आपला कप्पा कोणता हे आधीच विचारून घ्यावे. पायाच्या बाहेरच्या बाजूला, खालच्या तिसऱ्या भागात एक संवेदना-नस आवरणातून बाहेर येते. तिला इजा झाल्यास पावलाचा वरचा भाग बधिर राहू शकतो. शस्त्रक्रियेनंतर भीतीपोटी पाय फार दिवस न हलवल्यास व्रण आखडतो, म्हणून चालणे लवकर सुरू करतात.

उलट चूक उशिराची. उड्या मारणाऱ्या खेळाडूच्या नडगीच्या पुढच्या कडेवर एक्स-रेत काळी आडवी रेघ दिसली, तर ते फ्रॅक्चर चिवट असते आणि कधी पूर्ण तुटते. महिनोन्‌महिने वाट पाहण्याऐवजी हाडात रॉड घालण्याचा विचार वेळीच करावा. रॉडनंतर गुडघ्याच्या पुढे दुखण्याची तक्रार अनेकांना राहते, हे गुडघ्यावर बसणाऱ्या कबड्डीपटूला आधीच सांगायला हवे.